वर जाताना सुटणारा गिअर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दोधू मिस्त्रीचा हुकूम, म्हणून ही वही. दोधूचं म्हसावदला गॅरेज आहे आणि माझी व्हॅन महिन्यातून दोनदा तरी त्याच्याकडे माहेरपणाला असते. परवा तो वैतागला. "ताई, नुसतं 'बंद पडनी, बंद पडनी' करू नका. कोठे पडनी, कितला वाजता पडनी, कोनता गिअरमा पडनी, समदं लिखी ठेवा. मंग माले समजी." बावीस वर्षं मुलांना लिही लिही म्हणतेय, आता मला कोणीतरी म्हटलं. लेकीच्या, काजलच्या अकरावीच्या वहीत मागे कोरी पानं होती, त्यात सुरुवात केली.

तर गाडी. सात सीटची व्हॅन, २००९ची, माझ्याआधी तीन मालक. सरकता दरवाजा आतून उघडत नाही. मागची काच वर होत नाही. रिव्हर्स पडला तर पडला. आणि घाटात दुसरा गिअर सुटतो, हे मुख्य.

आज: राणीपूर सोडल्यावर घाटाच्या चौथ्या वळणावर, ९.२० वाजता. दांडी आपोआप न्यूट्रलला आली. मग कोणताच गिअर पडेना. चाकाला दगड लावून बसले. चाळीस मिनिटांनी बयेचा राग गेला, चालू झाली. शाळेत साडेदहाला पोचले, वेळेत.

उतरताना काही त्रास नाही. सव्वासहाला शहाद्याला घरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथं वळण, ९.१५, दुसरा गिअर. पन्नास मिनिटं.

वळणावर बसून करायचं काय? आजूबाजूला साग, खाली दरी, फोनला रेंज नाही. म्हणून दोधूच्या वहीत माझंच लिहिते. गाडीचं पान फाडून त्याला देईन, बाकीचं माझं.

सादडपाड्याची शाळा एकशिक्षकी आहे, पटावर तेवीस. शिक्षकाने गावातच राहायचं असा नियम आहे आणि दरवर्षी सरपंचाचा दाखला जोडावा लागतो. दाखला मीच लिहिते, "श्रीमती चारुलता गिरधर पाटील या मौजे सादडपाडा येथे कायम वास्तव्यास आहेत." नवलसिंगभाऊ सही करतात. सगळेच करतात असं, आमच्या केंद्रात एकही शिक्षक गावात राहत नाही. अपडाऊनवाल्यांच्या गाड्या सकाळी घाटाला रांगेने लागतात.

एकदा राहिले होते मी. २०१८ला बदली होऊन आले तेव्हा सहा महिने, शाळेला लागून असलेल्या खोलीत. काजल दहा वर्षांची होती. रोज संध्याकाळी दारात बसायची, मम्मी आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणायची, आणि मम्मी तर डोंगरावर. डिसेंबरात तिला कावीळ झाली. निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. मुलांना म्हटलं, मी इथंच आहे, तुम्ही पाढे म्हणा, आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये बसले. खोली तशीच राहिली, चुलीवर भात होता. त्यानंतर एकही रात्र वर काढली नाही. गिरधर आता सुरतेला नोकरीला आहेत, दुसऱ्या शनिवारी येतात. काजल बारावीत आहे. ती क्लासवरून सातला येते तेव्हा घरात दिवा आणि ताटात गरम भाकरी असली पाहिजे, एवढं एकच मी देवाला बोलले आहे. त्यासाठी ही खटारा गाडी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चौथं वळण. एक तास दहा मिनिटं. शाळेत पावणेअकरा वाजले.

धावतच गेले. वाटलं, पोरं झाडावर असतील. पण वर्ग भरलेला. फळ्यावर तारीख, वार, सुविचार. प्रार्थना झालेली. मी घामाघूम होऊन दारात, तर सगळे माझ्याकडे बघतात, जणू मी आत्ताच बाहेर जाऊन आले.

रूपलीबाईंचं काम असणार. त्या नवलसिंगभाऊंच्या बायको, शाळेची खिचडी शिजवतात. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. खूप बरं वाटलं. तरी आभार मानायचे राहिले, कारण त्या आज नंदुरबारला गेल्या होत्या असं खिचडीच्या वेळी कळलं. मग फळा कोणी लिहिला? मोठी पोरं असतील. पाचवीतली यामिनी हुशार आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज गाडी पडली नाही! दहालाच पोचले. पाड्यात नवाईची गडबड होती. नवं धान्य घरात आलं की आधी देवाला दाखवतात, मग सगळा पाडा एकत्र येतो आणि घरटी एकेक वाटा निघतो. रूपलीबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरचा वाटा खोलीच्या दारात ठेवला, बाई."

"माझं घर कुठलं इथं?"

नवलसिंगभाऊ बाजूलाच होते. साधा माणूस, मस्करी करत नाही. "मी सही केली ना," म्हणाले. "सही केली म्हणजे पाड्यात घर धरलं. एकेचाळीस घरं आमची, बेचाळिसावं तुमचं. दर साली ठेवतो वाटा. घर धरायचं आणि वाटा द्यायचा नाही, ते चांगलं नाही."

मला हसू आलं. सात वर्षं हे लोक बंद खोलीच्या दाराशी ज्वारी ठेवताहेत. म्हटलं, उंदरांची चंगळ. ते म्हणाले, "उंदीर नाही खात. भांडं धुतलेलं परत येतं."

लोक काहीही मानतात. कुणीतरी गरीबगुरीब नेत असेल, नेऊ दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस गाडी दोधूकडे, मी शेअर जीपने गेले. मागे अकरा जण, पुढे पाच, मांडीवर कोंबडी. जीपने वेळेत पोचले दोन्ही दिवस. ते दोन दिवस शाळेला कुलूप होतं, मीच उघडलं, पोरं नेहमीसारखी उंडारत होती.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले. दोधूने हात पुसत सांगितलं, "ताई, गिअरनी पेटी पुरी खोली टाकी. एकबी दात घसेल नही शे. क्लच प्लेटबी चांगली शे."

"मग सुटतो कसा?"

"तेच तं. मी राणीपूरलोंग दोनदाव फिरी उनू. लोणीसारखी चालस. गाडीमा दोष नही शे, ताई."

वीस वर्षांपासून मिस्त्री आहे, दोनदा राणीपूरपर्यंत चालवून आला आणि म्हणतो दोष नाही. मला भांडायचं होतं, पण काजलची यायची वेळ झाली होती.

१० डिसेंबर, बुधवार

चौथं वळण. दीड तास. शाळेत अकरा वाजून गेलेले.

वर्ग शांत. यामिनी उभी राहून बाराचा पाढा म्हणत होती आणि बाकीचे मागून. मी त्यांना नऊपर्यंतच शिकवलं आहे. वह्या घेतल्या तपासायला, तर तपासलेल्या. लाल पेनने, प्रत्येक चुकीच्या शब्दाखाली रेघ, बाजूला बरोबर शब्द तीनदा लिहून दिलेला. खाली सही, "चा. गि. पाटील", तारीख आजची.

मी तीनदा लिहून देत नाही. पूर्वी द्यायचे. आता वेळ कुठे असतो?

अक्षर बघत बसले. मला सही करताना शेवटचा ल लांब ओढायची सवय आहे, तीही आहे. कोणी पोर इतकी हुबेहूब नक्कल करील असं वाटत नाही. पण केलीच असेल, दुसरं काय? यामिनीला खोदून विचारलं, कोणी तपासल्या? ती गोंधळली. "बाई, तुम्हीच." मग हळूच, "पेन तुटलं म्हणून माझं घेतलं तुम्ही." तिच्या हातात लाल पेन होतं.

मी रागावले तिला. नको होतं रागावायला. खोटं बोलणारं पोर नाही ते.

११ डिसेंबर, गुरुवार

रूपलीबाईंना गाठलं. म्हटलं, मी नसताना वर्गात कोण येतं? त्या पीठ मळत होत्या. "नसता म्हणजे?" असं त्यांनी विचारलं.

"म्हणजे गाडी बंद पडते तेव्हा."

"गाडी कशाला लागते बाई तुम्हाला? खोलीतून शाळेत."

मग त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझी पावडर, माझे बूट. म्हणाल्या, "तुम्ही खालच्या बाई ना? तुम्ही उशिरा येता. वरच्या बाई लवकर उठतात."

टोमणा होता. बरोबरच आहे, लागला. उद्यापासून पंधरा मिनिटं आधी निघायचं.

२३ डिसेंबर, मंगळवार

पंधरा मिनिटं आधी निघाले तर गाडी पंधरा मिनिटं जास्त बसते. मला वाटतं तिला घड्याळ कळतं.

खरं लिहू? दोन आठवडे मी गाडीशी भांडतच नाही. वळणावर गाडी थांबली की थर्मासमधला चहा काढते आणि निवांत बसते. शाळा सुरू असते, हे मला माहीत असतं. कशी, ते विचारत नाही. पोरं पुढे गेली आहेत. सात वर्षांचा दिवाल्या, ज्याला वर्षभर मुळाक्षरं येत नव्हती, त्याने आज मला धडा वाचून दाखवला. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याला म्हटलं, पुरे, बस खाली.

निघताना यामिनीने विचारलं, "बाई, तुमची मुलगी बरी झाली का?"

"कोणी सांगितलं आजारी आहे?"

"तुम्ही. संध्याकाळी तुम्ही खोलीच्या दारात बसता ना, तेव्हा. खाली बघत रडता. आम्ही पाणी आणून देतो." मग मला धीर देत म्हणाली, "एक दिवस जा ना बाई भेटायला. आम्ही बसतो शांत."

संध्याकाळी मी शहाद्यात असते. भाकऱ्या करत असते. उतरताना हातपाय गार पडले होते, थंडीच आहे यंदा फार.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

नवा आदेश आला आहे. मुख्यालयी कोण राहतं याची सायंकाळी अचानक तपासणी. जो सापडणार नाही त्याने त्या दिवसापासून गावातच राहायचं, रोजचा फोटो टाकायचा. दहा फेब्रुवारीला काजलची बारावी सुरू होते. आता मला वर राहावं लागलं तर पोरगी एकटी. रात्री अभ्यास, सकाळी पेपर, आणि घरात कुणी नाही. पुन्हा तेच दारात बसणं. गिरधर फोनवर म्हणाले, "इकी टाक ती गाडी आनि रजा टाक." गाडी विकली तर जायचं कशाने, आणि रजा कोण देतो?

१३ जानेवारी, मंगळवार

तपासणी झाली. काल संध्याकाळी साडेसातला, आमच्याच केंद्रात. मला आज सकाळी कळलं आणि मी अंघोळही न करता निघाले. वळणावर गाडी थांबली नाही. केंद्रप्रमुख शाळेतच भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मॅडम, कालचा चहा फक्कड होता. गवती चहा कुठला, दारातलाच ना?"

मी पर्स टेबलावर ठेवली.

"सगळ्या केंद्रात तुम्ही एकट्याच सापडलात. चुलीवर चहा, कंदिलाच्या उजेडात वह्या तपासणं. लाज वाटली आम्हालाच." अहवालाची प्रत दिली. "मुख्यालयी वास्तव्य: प्रत्यक्ष आढळून आले."

काल साडेसातला मी काजलच्या डोक्याला तेल लावत होते.

ते चार शाळा फिरले काल, दुसऱ्या कुठल्या मॅडमशी गल्लत झाली असणार. वय झालं त्यांचंही. सुटले एकदाची, हे महत्त्वाचं. घरी येताना पेढे आणले. काजलने विचारलं कशाचे, तर म्हटलं, खा.

शाळेच्या बाजूच्या खोलीकडे मी बघितलं नाही. दाराशी हिरवं काहीतरी उगवलेलं आहे एवढं दिसलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

दोधूला बळेच गाडीत बसवून घाटात नेलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. चौथ्या वळणावर दांडी सुटली. मी म्हटलं, बघ!

तो दांडीकडे बघतच नव्हता. माझ्या पायाकडे बघत होता. "ताई, पाय उचला."

"कोणता पाय?"

"डावा. क्लच तुम्हीच दाबी ऱ्हायनात. दांडी बी तुम्हीच वढी."

मी खाली पाहिलं. पाय क्लचवर होता, पार तळाशी दाबलेला. शपथेवर लिहिते, मी ठेवला नव्हता. उचलायला गेले तर जड. दोधूने वाकून दोन्ही हातांनी उचलला तेव्हा निघाला.

परत आलो. गॅरेजसमोर उतरून तो खिडकीशी आला. "एक करा, ताई. नहीतर वर जाऊ नका, नहीतर वरच ऱ्हा. हाऊ रोजना जा-ये गाडीले झेपत नही."

मिस्त्रीने मिस्त्रीचं काम करावं. मला गुडघ्याचा त्रास आहे, त्यामुळे पाय अवघडतो. डॉक्टरांना दाखवायचं आहे, काजलची परीक्षा झाली की.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन सव्वाआठला. मी पाचला निघाले, आणि वळणावर पावणेसात ते नऊ. स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. सगळा पाडा जमलेला असेल, झेंडा कोण फडकवणार, आणि मला उत्तर माहीत होतं.

पोचले तेव्हा झेंडा वर होता. पोरं बुंदी खाऊन पांगली होती. नवलसिंगभाऊंनी मोबाइलवर फोटो दाखवला. झेंड्याखाली मी उभी आहे. निळ्या काठाची पांढरी साडी, जी २०१८ला त्या खोलीत राहिली. माझ्यापेक्षा बारीक आहे, उन्हाने काळी झालेली. केस रंगवलेले नाहीत, कपाळावर सगळे पांढरे. हसते आहे. मी फोटोत कधी हसत नाही, पुढचा दात तुटल्यापासून. तिचाही तुटलेला आहे, तरी हसते. दिवाल्या तिच्या कडेवर आहे.

"चांगला आला फोटो," नवलसिंगभाऊ म्हणाले. चांगलाच आला होता.

आता मी स्वतःला फसवणार नाही. तिथं कोणीतरी आहे. मला भीती वाटते, आणि भीतीपेक्षा जास्त मला तिचा राग येतो. माझी पोरं आहेत ती.

१ फेब्रुवारी, रविवार

घरी. काजल अभ्यासाला बसली होती, मी बाजूला भाजी निवडत. एकदम तिने माझा हात धरून हलवला. "मम्मी! तीनदाव हाक मारी मी."

"आठेच तं शे," म्हटलं, इथंच तर बसले होते.

"नही. तू घर ऱ्हाईसनी बी घर नसस." रडवेली झाली. "चार महिना व्हयनात. तू जेवाले वाढस, पन तुन्हं ध्यान कोठे ऱ्हास? माले परीक्षानी भीती वाटस आनि मी सांगू कोनले?"

पोटाशी धरलं तिला. बारीक झाली आहे पोरगी आणि मला दिसलं नाही. तिच्यासाठी म्हणून मी वर पूर्ण गेले नाही, आणि इथंही पूर्ण आले नाही. देवाशपथ, एवढी परीक्षा होईपर्यंत मी तिचीच राहणार.

आधी वरचं मिटवायचं. गाडी थांबली की वाट बघत बसायचं नाही, पायवाटेने चढून जायचं. ती शाळा उघडायच्या आत तिला गाठायचं. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सादडपाडा

खोलीत बसून लिहिते आहे. क्रमाने लिहिते.

सकाळी चौथ्या वळणावर दांडी सुटली, ८.५०. चाकाला दगड लावला आणि लगेच पायवाट धरली. घाईत किल्ली गाडीतच राहिली, फोनही. खांद्याला फक्त पर्स, तिच्यात ही वही. वाट सागातून सरळ चढते, धाप लागली. अर्ध्यावर आले तेव्हा झाडांच्या पलीकडून कोणीतरी उतरताना ऐकू आलं. बांगड्या, आणि चपलांचा पटपट आवाज. चाल ओळखीची होती. मी हाक मारली. पावलं थांबली. मग भराभर, जवळजवळ पळतच, खाली गेली.

थोड्या वेळाने गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मी मागे धावले. झाडीतून व्हॅनचं पांढरं टप दिसलं. एका झटक्यात वळवली तिने, रिव्हर्स पहिल्याच खेपेला पडला. पहिला, दुसरा, तिसरा. कुठे अडखळ नाही. वळणामागून वळण घेत उतरत गेली. मी रस्त्यावर पोचले तेव्हा माझे दगड नीट कडेला ठेवलेले होते.

खाली जायला जीप नव्हती. वर शाळा होती आणि पोरं यायची वेळ झाली होती. मी वर आले.

खोली उघडी. शेणाने सारवलेली, ताजी. चुलीत निखारे. दोरीवर निळ्या काठाची साडी वाळत होती, ओली. मग ती खाली काय नेसून गेली? तिथली पत्र्याची पेटी बघितली. माझा जांभळा ड्रेस, तो घरच्या कपाटातून हरवला म्हणून मी काजलवर ओरडले होते, त्याची पिशवी तिथं रिकामी होती.

पोरं आली. कोणी चकित झालं नाही. यामिनी म्हणाली, "बाई, गेला नाहीत? काल म्हणालात ना, मुलीची परीक्षा आहे, आता मी जातेच." मी म्हटलं, जाईन. शिकवलं दिवसभर. आज कोणी पुढचं शिकवलेलं नव्हतं, जिथं थांबले होते तिथून मीच सुरू केलं.

साडेसातला नवलसिंगभाऊंबरोबर टेकडीवरच्या मोहाच्या झाडापाशी गेले, तिथं रेंज येते. त्यांच्या मोबाइलवरून माझ्याच नंबरला फोन लावला. गाडी कुणाला सापडली असेल तर उचलेल, असं मनाला सांगत होते.

काजलने उचलला. "हॅलो, कोन?"

तिचा आवाज कसा होता, लिहिता येत नाही. हसत होती ती. कितीतरी दिवसांनी.

"काजल, मी बेटा. मम्मी."

मग तोंड फोनपासून लांब करून, "मम्मी, कोनी बाई शे. तुन्हं नाव सांगी ऱ्हायनी."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग माझा आवाज आला, थकलेला नाही, घाईचा नाही. "ठेवी दे, बेटा. सादडपाडानी बाई शे ती. ये, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

नवलसिंगभाऊंनी मोबाइल परत घेतला. म्हणाले, "उद्या सकाळी मोटारसायकलवर सोडतो तुम्हाला शहाद्याला." मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही. मग डोळ्यांसमोर आलं, मंगळवारी पहिला पेपर आहे, आणि दारात दोन आया उभ्या. पोरगी परीक्षेला कशी जाईल? कोणाकडे बघेल, आणि कोणाकडे बघून हसेल? त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

म्हटलं, नको भाऊ.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, सादडपाडा

पहाटे जाग आली. चूल पेटवली, अंगण झाडलं. शाळा वेळेवर उघडली, प्रार्थना साडेदहाला. पट तेवीस, हजर सोळा, बाकीचे आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. दिवाल्याला जोडाक्षरं सुरू केली. रूपलीबाईंनी अंगणात येऊन माझ्या पायांकडे पाहिलं, बूट नव्हते, आणि ज्वारीचं पीठ ठेवून गेल्या.

संध्याकाळी दारात बसले. इथून खाली सगळं धुकट दिसतं, शहादा कुठल्या बाजूला ते मला अजून नीट कळत नाही. पोरांनी पाणी आणून दिलं.

फक्त परीक्षा होईपर्यंत. मग मी जाणारच आहे. आता सात वाजले असतील. काजल क्लासवरून आली असेल, घरात दिवा असेल, आणि समोर बसून तिचं ऐकणारं कोणीतरी असेल.